पाइप फिरवायचा नाही

वहिनीने पाइप फिरवला, तेव्हा आपण काय केलं हे तिला कळलंसुद्धा नाही. कळलं ते पाठीमागून परीक्षक ओरडले तेव्हा.

"थांबा! हात काढा आधी!"

तिने चेहऱ्यावरचं हेल्मेट वर केलं. उजव्या हातात होल्डर, त्यात वेल्डिंगचा धुमसणारा अर्धा रॉड, आणि डावा हात क्लॅम्पच्या दांड्यावर. दांडा ढिला झालेला होता. स्टँडवर तिरका बसवलेला पाइप तिच्याकडे वळला होता, आणि सकाळी परीक्षकांनी पाइपावरून थेट स्टँडपर्यंत ओढलेल्या खडूच्या रेघेचे दोन तुकडे झाले होते, एक इकडे नि एक तिकडे. समोरच्या भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती, 'एकदा बसवलेला पाइप फिरवायचा नाही.' ही पाटी वहिनीने सकाळी आल्या आल्या वाचली होती, मनातल्या मनात घोकलीही होती. तरी हात गेलाच.

"साहेब, चुकून गेला हो हात," ती म्हणाली. "परत होता तसा करते."

"आता कसला परत? संपलं, बाई." परीक्षक रागावलेले नव्हते, आणि तेच तिला जास्त लागलं. "या आता तुम्ही. मागच्या खेपेला जोड फुटला, या खेपेला हे. नापास."

बाहेर येईपर्यंत तिने डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. बाहेर आल्यावर मात्र ते कोणाचं ऐकेना.

ही वहिनी म्हणजे खरं तर एकट्या तिच्या दिराची वहिनी. पण दिराने ती हाक इतक्या मोठ्याने आणि इतक्या वेळा मारली, की ती सगळ्या गल्लीची वहिनी होऊन बसली. चहावाला वहिनी म्हणतो, आणि लोखंडाच्या दुकानाचा मालक, जो तिच्या वडिलांच्या वयाचा आहे, तोही वहिनीच म्हणतो. नवरा आणि दीर मिळून खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करायचं वर्कशॉप चालवायचे. एका शटरची जागा, त्यामुळे अर्धं काम आत आणि अर्धं रस्त्यावर. लग्नानंतर काही वर्षांनी कामावरचा माणूस न सांगता सोडून गेला, तेव्हा नवऱ्याने "जरा एवढी पट्टी धर गं" म्हणून तिला बोलावलं. ती जी पट्टी धरायला आली, ती तिथलीच झाली. धरता धरता जोडायला लागली, आणि खोटं कशाला सांगू, थोड्याच दिवसांत नवऱ्यापेक्षा तिचा जोड देखणा यायला लागला. नवऱ्याने ते पाहिलं आणि चकार शब्द न काढता नाजूक कामं तिच्या टेबलाकडे सरकवायला सुरुवात केली. त्या माणसाचं कौतुक एवढंच. चांगला शब्द तोंडातून काढायचा म्हणजे त्याला दाढ काढल्यासारखं होतं.

जाळीच्या कामाची एक रीत असते. माणूस एका जागी उभा आणि काम त्याच्यासमोर फिरतं. जोड खालच्या बाजूला आला, की डाव्या हाताने शेगडा, म्हणजे काम आवळून धरणारा पकडा, ढिला करायचा, काम वळवून वर घ्यायचं, शेगडा आवळायचा आणि पुढे चालू. वितळलेल्या लोखंडाचा रस वरून खाली बसतो, तेव्हा जोड आपल्या समोर आडवा असला की काम सोपं जातं. इतक्या वर्षांत वहिनीच्या डाव्या हाताला हे असं अंगवळणी पडलं होतं, की तो हात तिला विचारायच्या भानगडीत पडायचाच नाही. पाइपाच्या परीक्षेत सगळं उलटं. तिथे पाइप जागचा हलत नाही, माणसाने त्याच्याभोवती फिरायचं. वरचा भाग उभ्याने, बाजूचा वाकून, आणि खालचा गुडघ्यावर बसून, मान मागे टाकून. रस डोक्यावर असतो आणि तो जोडातच राहिला पाहिजे, गळ्यात पडून चालत नाही. कारण हे पाइप पुढे बॉयलरला लागतात, भिंतीला चिकटून जातात, छताला टांगलेले असतात. तिथे ते आपल्यासाठी फिरवून देणारं कोणी नसतं.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते एका हॉस्पिटलात. तिघं तिथे जिन्याचा कठडा बसवायला गेले होते, आणि तळघरात बॉयलरचा पाइप फुटलेला होता. वाफ बंद, त्यामुळे धुलाई बंद, स्वयंपाक बंद, आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. बाहेरून एक वेल्डर आला. ठेंगणा, पोट सुटलेला, बघून कोणी दारात उभं करणार नाही असा. तो पाइपाच्या खाली उताणा झोपला, मग कुशीवर झाला, मग उठून वरून वाकला, आणि जोड पुरा केला. वाफ सोडायची वेळ झाली तेव्हा इंजिनियरसकट सगळी मंडळी मागे सरकून दाराशी जाऊन उभी राहिली. वेल्डर मात्र जोडाला चिकटून उभा होता, हात मागे बांधून, जांभई देत. त्याने आपल्या कामाची हमी तोंडाने दिली नाही, फक्त तिथून हलला नाही. वहिनी कठडा धरून हे बघत होती. परत येताना टेंपोत ती म्हणाली, "आपल्या जाळीवर फार तर मांजर येऊन बसतं. मला हे काम शिकायचंय." दीर हसला. नवरा रस्त्याकडे बघत राहिला.

तर बॉयलरच्या कामांचा परवाना देणाऱ्या या परीक्षेसाठी तिची सकाळ शटर उघडायच्या आधी सुरू व्हायची. भंगारातून आणलेल्या पाइपांचे तुकडे घ्यायचे, एक जोड करायचा, थंड झाला की कापायचा, पट्ट्या काढायच्या, आणि त्या शेगड्यात धरून वाकवायच्या. जोड चांगला असेल तर पट्टी नालासारखी वाकते आणि तुटत नाही. वाईट असेल तर मध्येच तोंड उघडते.

आता इथे मला जिद्द, चिकाटी, ध्यास असले शब्द वापरायचा मोह होतोय, पण तो मी आवरणार आहे. हे शब्द भिंतीवर लावणाऱ्यांनी एकदा थंडीत गार पडलेलं शटर उघडून बघावं. हॉस्पिटलातला तो वेल्डर पहिल्या वर्षातच तिच्या डोळ्यांसमोरून पुसट झाला. त्याचा चेहरा आठवेना, मग त्याच्यासाठी उठायचं तरी कशाला? सकाळी तिला अंथरुणातून बाहेर काढायची ती कालची तुटलेली पट्टी. काल रस आत पोचला नव्हता. आज पोचला, पण खाली लोंबला. उद्या लोंबणार नाही, तर बाजूचं लोखंड खाऊन जाईल. चूक होती, पण तीच ती नव्हती, रोज नवीन होती, आणि नवीन चूक बघायला वहिनी उठायची. शेजारणींना वाटायचं, बाईचं डोकं फिरलंय. एक दोघींनी तसं तोंडावर सांगितलंही. ती हसून सोडून द्यायची आणि घरी आल्यावर भांडी जरा जास्तच आपटायची.

पण दुसऱ्या परीक्षेत ते पाइप फिरवणं झालं आणि सगळंच ठप्प झालं. जोड फुटला असता तर तिने तो कापून पाहिला असता. इथे कापून बघण्यासारखं काही नव्हतं. जोड उत्तम चालला होता, घात केला होता तिच्या स्वतःच्या हाताने. हाताला कसं शिकवायचं? ती सकाळी उठेनाशी झाली. वर्कशॉपात जाळ्या करायची, फाटकं करायची, कोणी परीक्षेचं काढलं की विषय बदलायची. भंगारातले पाइप कोपऱ्यात गंजत पडले. नवरा त्या कोपऱ्याकडे बघायचा आणि मूग गिळून गप्प बसायचा. महिन्यांमागून महिने गेले, आणि खरं सांगायचं तर तिला या गप्प बसण्याचीही सवय व्हायला लागली होती.

मग एके दिवशी ती वर्कशॉपात आली, तर दिराने एक उद्योग करून ठेवलेला. मधल्या लोखंडी खांबाला त्याने एक पाइप तिरका, चक्क वेल्डिंग करून चिकटवला होता. क्लॅम्प नाही, शेगडा नाही. वर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वहिनी, फिरवून दाखवा.'

तिचा चेहरा लालबुंद झाला. "भाऊजी, तुम्हाला दुसरे धंदे नाहीत का?"

"होते. पण हा जास्त मजेचा वाटला," दीर म्हणाला. "लावा की हात. हाताला सांगा, ओढ म्हणावं किती ओढायचा तो."

"जखमेवर मीठ चोळायला बरं जमतं तुम्हाला."

"मीठ नाही वहिनी, वेल्डिंग. काढून टाकू का? ग्राइंडर आणतो."

दिवसभर त्या खांबाकडे पाठ करून तिने जाळी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या वेळेआधी दीर आला, तेव्हा ती खांबाखाली गुडघ्यावर बसलेली होती. डावा हात सवयीने वर गेला, दांडा शोधत हवेत चाचपडला, आणि हात रिकामाच खाली आला. दीर बाहेरच्या बाहेर चहा सांगायला निघून गेला. त्याने थट्टा केली होती हे खरं, पण थट्टा करण्याआधी खांबाजवळचं सगळं सामान हलवून जागा कोणी केली होती, हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

तिसऱ्या परीक्षेचा अर्ज भरायचं ठरलं त्या दिवशी नवरा बोलला. जेवताना, ताटाकडे बघत.

"दे तिसऱ्यांदा. पण ही शेवटची."

"का?"

"का म्हणजे? कामं अडतात. फाटकवाला दोनदा येऊन गेला." मग जरा थांबून म्हणाला, "आणि तू मागच्या वेळी आलीस तशी घरी आलेली मला परत बघायची नाही. पास झालीस तर बॉयलरच्या कामांवर जा, मी आडवा येणार नाही. नाही झालीस तर हा विषय घरात परत काढायचा नाही."

वहिनीच्या मनात बरंच आलं. पण तो माणूस इतकं लांबलचक बोलल्याचं तिला आठवतच नव्हतं, त्यामुळे त्याचं तिला वजन वाटलं. "बरं," ती म्हणाली. "शेवटची."

परीक्षेच्या दिवशी नवरा तिच्याबरोबर आला. हे पहिल्यांदाच. तो बाहेर बाकावर बसला आणि ती आत गेली. तोच हॉल, पत्र्याचे आडोसे घालून केलेले तेच कप्पे, भिंतीवर तीच लाल पाटी, आणि नशीब म्हणायचं की काय, परीक्षकही तेच. त्यांनी तिला ओळखलं. खडूची रेघ ओढताना म्हणाले, "या खेपेला तरी हात आवरा, बाई."

"हो साहेब."

वेळ सुरू झाली. सगळ्यांना एकच वेळ, शेवटी एकच घंटा. तिने हेल्मेट खाली घेतलं आणि पहिला थर धरला. हा आतला थर म्हणजे सगळ्या जोडाचं मूळ, हा बिघडला तर वर कितीही सोन्यासारखं काम करा, पट्टी वाकवताना तोंड उघडणारच. तिने खालून सुरुवात केली. गुडघ्यावर, मान मागे. काळ्या काचेतून फक्त तो एक उजेडाचा ठिपका दिसत होता आणि त्याच्या पुढे सरकणारं बारीक छिद्र. छिद्र राहिलं म्हणजे रस आत पोचतोय. ती त्या छिद्रावर जीव ठेवून हळूहळू वर येत होती. अर्धी बाजू झाली. श्वास जड झाला होता, पण रस सांगितलेलं ऐकत होता. आज जमतंय, असं तिच्या मनात आलं, आणि नेमकं तेव्हाच छिद्र बाजूला सरकलं.

तिने सरकवलं नव्हतं. पाइपच खाली घसरत होता. स्टँडवरचा क्लॅम्प त्याला धरून ठेवत नव्हता.

डावा हात निघाला. तिला तो निघालेला कळला, कोपरापासून, धावताना पडणाऱ्या मुलाला धरायला निघावा तसा. एक धक्का, एवढासा, की पाइप जागेवर. आडोशाच्या आत कोणी बघत नव्हतं. हात पाइपापासून वितीवर होता, आणि तिथे तो थांबला. कसा थांबला कोण जाणे. तिने रॉड झटकन वर उचलला, ठिणगी विझवली, दोन्ही हात खांद्यांच्या वर धरले आणि ओरडली, "साहेब! इकडे या! साहेब!"

परीक्षक आले. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं नाही, खडूच्या रेघेकडे पाहिलं. रेघ तुटली होती.

"पुन्हा?" ते म्हणाले.

"मी नाही फिरवला, साहेब. तो आपणच घसरला. क्लॅम्प धरत नाहीये."

"मागच्या वेळी चुकून हात गेला होता. आता क्लॅम्प."

"मी हात वर करून उभी आहे हो. फिरवला असता तर तुम्हाला हाक कशाला मारली असती?"

शेजारच्या कप्प्यांतल्या दोघातिघांनी काम थांबवून माना बाहेर काढल्या होत्या. वहिनीचे हात अजून वरच होते. तिला वाटलं, झालं, आता हे 'या तुम्ही' म्हणणार. पण परीक्षकांनी जाड हातमोजा चढवला, क्लॅम्पचा दांडा स्वतः आवळून पाहिला, तो घट्टच होता. त्यांनी पाइपाला वरून दाबलं. पाइप आवळलेल्या क्लॅम्पमधून सरळ खाली सरकला.

"दात झिजलेत याचे," ते हळू आवाजात म्हणाले. मग तिच्याकडे बघून, "हात खाली घ्या, बाई. चूक तुमची नाही."

तिने हात खाली घेतले. ती आडोशाला टेकून उभी राहिली.

"पण हा जोड आता धरता येणार नाही," परीक्षक म्हणाले. "दुसरा पाइप देतो, दुसरा स्टँड देतो. वेळ वाढवून द्यायचा मला अधिकार नाही, घंटा सगळ्यांची एकच. नाहीतर असं करा, आज सोडून द्या. आजची खेप मी गणतीत धरत नाही. पुढच्या परीक्षेला या, सगळा वेळ घेऊन नीट करा. मी तुमच्या जागी असतो तर तेच केलं असतं."

शहाणा सल्ला होता, त्यात खोट नव्हती. वहिनीलाही ते कळत होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर बाहेरचा बाक आला. आता अशी मध्येच बाहेर जाऊन ती काय सांगणार? क्लॅम्प ढिला होता? पाइप आपोआप घसरला? मागच्या वेळी हात आपोआप गेला होता, या वेळी पाइप. हे तिच्या स्वतःच्या कानांनाही सबबीसारखं ऐकू येत होतं. आणि शेवटची म्हणजे शेवटची, असं ती आपल्या तोंडाने म्हणाली होती.

"आत्ताच करते," ती म्हणाली. "पाइप द्या."

"विचार करा."

"केला साहेब. द्या लवकर."

पुढचं सगळं तिला नंतर तुकड्या तुकड्यांनी आठवायचं. नवीन पाइप, नवीन रेघ. परत गुडघ्यावर. पहिला थर धरताना तिने स्वतःला बजावलं, घाई नको. पण अंगातली घाई काही बजावून जाते थोडीच! मानेवरून घाम काचेच्या कडेपर्यंत उतरत होता. एक रॉड संपला, दुसरा धरला. प्रत्येक रॉड नवा धरताना आधीचं टोक घासून पातळ करायचं असतं, म्हणजे नवा रस जुन्यात नीट मिसळतो. तिने घासलं. पुढचं घासलं. त्याच्या पुढचं, खालच्या बाजूचं, तिने घासलं की नुसता ब्रश मारला? पुढे ती हे स्वतःला फार वेळा विचारणार होती. दुसरा थर, तिसरा थर. बाजूच्या कप्प्यांतले आवाज एकेक करून बंद होत गेले, लोक कामं पुरी करून बाहेर पडत होते. शेवटी हॉलमध्ये एकटा तिच्याच रॉडचा चरचराट राहिला. डावा हात या सगळ्या वेळात एकदाही क्लॅम्पकडे गेला नाही. वरचा थर पुरा होऊन तिने रॉड उचलला आणि घंटा वाजली.

जोड दिसायला सुरेख होता. एकसारखे खवले, कुठे खड्डा नाही, कुठे फुगवटा नाही. परीक्षक त्यावरून बोट फिरवून "हं" एवढंच म्हणाले, पण त्यांचं ते हं चांगलं होतं. पाइप थंड झाला, कापला, चार पट्ट्या निघाल्या. वाकवायच्या यंत्राजवळ तिला उभं केलं. पहिली पट्टी वाकली, साफ. दुसरी वाकली, साफ. तिसरीला यंत्र कुरकुरलं आणि वहिनीने डोळे मिटले. उघडले तेव्हा तिसरीही साफ होती. परीक्षकांनी चौथी पट्टी लावली. पट्टी वाकत गेली, वाकत गेली, आणि पार वळायला थोडंसं उरलं असताना मधोमध एक बारीक काळी रेघ उमटली. उमटली आणि उघडली.

परीक्षकांनी भिंग काढलं, माप लावलं. परत लावलं. त्यांना तिला पास करायचं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं, आणि म्हणूनच त्यांनी तिसऱ्यांदाही माप लावलं.

"चालते त्याहून थोडी जास्त उघडली," ते म्हणाले. "थोडीशीच. पण जास्त."

"हो."

"घाई झाली कुठेतरी."

"हो साहेब."

तिने चारही पट्ट्या मागून घेतल्या आणि बाहेर आली. नवरा बाकावरून उठला. तिने पट्ट्याच त्याच्या हातात दिल्या. त्याने एकेक पट्टी उजेडात धरून पाहिली. आयुष्यभर लोखंड जोडलेला माणूस तो, त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. साफ वाकलेल्या तीन पट्ट्यांवरून त्याने अंगठा फिरवला, आतून, बाहेरून, परत आतून.

"हे मला नसतं जमलं," तो म्हणाला.

मग चौथी पाहिली. "घासलं नाहीस इथे."

"वेळ नव्हता." आणि मग बांध फुटल्यासारखं ती सगळं बोलून गेली. पाइप कसा घसरला, हात कसा वर धरला, साहेब कसे संशयाने बघत होते, मग क्लॅम्पच झिजलेला कसा निघाला, ते काय म्हणाले.

नवरा ऐकत होता. त्याने मध्येच तिला थांबवलं. "म्हणजे ते म्हणाले की आज सोडा, पुढच्या वेळी या? आजची धरत नाही?"

"हो."

"अगं, मग आली का नाहीस? सरळ उठून बाहेर यायचं! अर्ध्या वेळेत कोणी करतं का हे?"

तिला राग आला नव्हता, ती फक्त दमली होती.

"तुम्हीच म्हणाला होता ना," ती म्हणाली, "ही शेवटची."

नवऱ्याच्या हातात पट्ट्या तशाच, मान खाली. त्याचा चेहरा असा झाला की वहिनीला वाटलं, उगाच बोलले. तिने त्याच्या बाहीला हात लावला. "जाऊ द्या. चला घरी. फाटकवाला यायचा असेल."

तो घराच्या बाजूला निघाला नाही. चारही पट्ट्या त्याने तिच्या पिशवीत नीट ठेवल्या आणि कोपऱ्यातल्या खिडकीकडे गेला. तिथे एक कारकून कागद आवरत होता.

"पुढची परीक्षा कधी आहे?" नवऱ्याने विचारलं.

"वेळ संपली आता. उद्या या."

"तारीख सांगा फक्त."

कारकुनाने वर पाहिलं. "कोणासाठी? तुमच्यासाठी का?"

"माझ्या बायकोसाठी."

कारकुनाने त्याच्या खांद्यावरून मागे वहिनीकडे पाहिलं आणि त्याला ती ओळखीची वाटली असावी. "या ना? या तर दर खेपेला असतात. कितवी खेप ही?"

"कितवी का असेना!" नवरा ओरडला, एवढ्या मोठ्याने की हॉलच्या दारातून परीक्षक डोकावले. संसाराच्या इतक्या वर्षांत वहिनीने हा आवाज कधी ऐकला नव्हता. "तुम्ही तारीख सांगा!"